कोपरे, कडा आणि एक पाईप : रडार-ओळखीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची आखणी झाली. वाहनं तीन: गोल टाकीचा टँकर, बंद डब्याचा ट्रक, उघड्या हौद्याची पिकअप. संगणकातल्या त्यांच्या प्रतिकृतींवर १० गिगाहर्ट्झची लहर सोडायची, चारही बाजूंनी काय परत येतं ते काढायचं आणि तेवढ्यावरून वाहन ओळखणारा वर्गीकारक शिकवायचा. तरंगलांबी ३ सेंटीमीटर, वारंवारतांचा पट्टा ५०० मेगाहर्ट्झ. म्हणजे अंतरातला बारकावा ३० सेंटीमीटर.

खऱ्या वाहनांची मापनं हाती नाहीत. म्हणून आधी एक चाचणी ठोकळा: ६० सेंटीमीटरचा चौरस पत्रा, त्यावर तीन पत्र्यांचा एक कोपरा, एक उभा दंडगोल, आणि एका तोंडाला बंद असलेला ४० सेंटीमीटरचा पाईप. हा खोलीत मावतो, मोजता येतो. कल्पना माझी नव्हे. १९९५-९६च्या अमेरिकी एमस्टार मापनांत रणगाडे आणि चिलखती गाड्यांबरोबर स्लिसी नावाची अशीच साध्या आकारांची वस्तू मैदानात ठेवली होती. रणगाड्याचं उत्तर कुणालाच नेमकं माहीत नसतं, दंडगोलाचं असतं.

१० जानेवारी

पहिल्या दिवशी गोळा. गुस्टाव्ह मी यांनी १९०८मध्ये गोळ्याचं नेमकं उत्तर देऊन ठेवलंय. (वहीत ‘मीची मालिका’ लिहिलं की मीच शोधल्यासारखं वाटतं. असो.)

माझा कोड भौतिक प्रकाशिकीवर चालतो, पुढे नुसतं पीओ लिहीन. लहर जिथे थेट पडते तिथे पृष्ठभागावर प्रवाह धरायचा, सावलीत शून्य, आणि सगळ्यांची बेरीज करायची. मोठ्या गोळ्याला ते पुरतं: १५ सेंटीमीटर त्रिज्येला आरसीएस (रडारला वस्तू केवढी दिसते ते क्षेत्रफळ) पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, ०.०७ चौरस मीटर, बरोबर आलं. मग मुद्दाम २.५ सेंटीमीटरची गोळी घेतली आणि २ ते १८ गिगाहर्ट्झ असा रुंद पट्टा चालवला. तिथे पितळ उघडं पडलं.

खऱ्या उत्तरात दोन ठसे दिसतात. पहिला गोळीच्या पुढच्या टोकाचा. दुसरा त्याच्या ६.४ सेंटीमीटर मागे: लहर गोळीला चिकटून पाठीमागून वळसा घालून येते, ती सरपटती लाट. गोळी स्वतः ५ सेंटीमीटरची, आणि ठसा तिच्या पाठीच्याही मागे. माझ्या कोडमध्ये ही लाट नाहीच. उलट पुढच्या टोकामागे बरोबर २.५ सेंटीमीटरवर एक खोटा ठसा आहे, कारण सावलीच्या सीमेवर मी प्रवाह कात्रीनं कापल्यासारखा तोडलाय आणि त्या कापाचंच परावर्तन मिळतंय.

म्हणजे चूक नुसती कमी-जास्तीची नाही. नसलेली वस्तू दिसते, असलेली दिसत नाही. हे लक्षात ठेवायचं.

१५ जानेवारी

कडांसाठी दुरुस्ती घातली. केलर यांचा विवर्तनाचा भूमितीय सिद्धांत आणि उफिमत्सेव यांचं कडेच्या लहरींवरचं रशियन पुस्तक, दोन्ही १९६२ची. मी उफिमत्सेवांची वाट धरली, कारण ती पीओच्या बेरजेत थेट मिसळता येते: कडेजवळचा खरा प्रवाह वजा पीओनं धरलेला प्रवाह, एवढंच वरून घालायचं. सपाट पत्रा समोरून पाहिला तर काही फरक नाही. पत्रा तिरका झाला, की कडाच बोलतात.

२२ जानेवारी

कोपऱ्याचा दिवस. पीओ एकाच उसळीचा हिशेब करतं. कोपऱ्यात लहर एका पत्र्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर उसळून आली त्याच वाटेनं परत जाते. त्यासाठी किरण सोडून उसळवण्याची पद्धत घातली, लिंग, चौ आणि ली यांची १९८९ची: किरणांची दाट जाळी सोडायची, प्रत्येकाच्या उसळ्या मोजायच्या, शेवटच्या उसळीला पीओची बेरीज करायची. एका तरंगलांबीत दहा किरण हवेत. ठोकळ्याला एका कोनातून २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० किरण. काहीच नाही. ८ मीटर लांब, ३ मीटर उंच टँकरला मात्र २६ लाखांच्या वर. पूर्ण फेरीला ०.१ अंशाच्या पायरीनं ३,६०० कोन. गुणाकार रात्री केला नाही ते बरं केलं.

१५ सेंटीमीटर बाजूच्या त्रिकोणी कोपऱ्याचं सूत्रातलं उत्तर २.३६ चौरस मीटर. माझं आलं ०.०४. तासभर सूत्रच चुकलंय असं समजून कागद काळे केले. उसळ्यांची मर्यादा २ ठेवली होती. ३ केली, कोपरा उजळला.

एक गंमत. तेवढाच १५ सेंटीमीटरचा सपाट चौरस पत्रा समोरून ७ चौरस मीटर देतो, कोपऱ्याच्या तिप्पट. पण तो सहा अंश वळवला की जवळजवळ शून्य. कोपरा वीस अंश इकडे-तिकडे झाला तरी अर्ध्या ताकदीनं उत्तर देतच राहतो. वाहनात दारापेक्षा हौद्याचा आतला कोपरा जास्त कोनांतून का दिसतो, ते एवढ्यात आलं.

२९ जानेवारी

अंतराच्या आलेखात (कुठल्या अंतरावरून किती परत आलं ते) पाईपच्या बुडाचा ठसा तोंडाच्या ठशाआधी आला. परतीची लहर आत जाण्याआधीच बाहेर. दोन दिवस गेले. कारण: वेळेचा घटक मी एका ठिकाणी उणे जे (जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) घेऊन लिहिला आणि फूरिये रूपांतराच्या लायब्ररीनं अधिक घेऊन. सगळं जग आरशात गेलं होतं. गोळ्याच्या वेळी हे पकडलं जायला हवं होतं, पण तिथे ‘मागे’ कुठे याची खूण मी हातानं लावली होती आणि उत्तर आधीच माहीत होतं.

१४ फेब्रुवारी

ठोकळ्याचं मापन. ८ ते १२ गिगाहर्ट्झ, म्हणजे बारकावा ३.७५ सेंटीमीटर. अँटेना ७ मीटरवर. ६० सेंटीमीटरच्या वस्तूला दूरक्षेत्राच्या नियमानं (येणारी लहर सपाट धरता यावी एवढं अंतर) १० गिगाहर्ट्झला २४ मीटर हवेत. खोली काही लांबत नाही. ७ मीटरवरून पत्र्याच्या मध्यापेक्षा त्याची बाजू ६.४ मिलिमीटर दूर पडते, जाऊन-येऊन १२.९, जवळपास अर्धी तरंगलांबी. म्हणजे मधला भाग आणि कडेचा भाग एकमेकांना खातात.

मापन बघणारा सहकारी म्हणाला, मापन दुरुस्त करत बसू नकोस, तुझ्या प्रतिमानातच गोल लहर घाल. बरोबर होतं. मोजलेल्या आकड्यांना हात लावण्यापेक्षा मोजमापाची परिस्थिती कोडमध्ये उभी करणं स्वच्छ. किरण समांतर न सोडता ७ मीटरवरच्या बिंदूतून सोडले. कोपरा, दंडगोल आणि पत्र्याच्या कडा मापनावर छान बसल्या.

पाईप बसला नाही.

१८ फेब्रुवारी

पाईप ४० सेंटीमीटरचा आहे. पट्टीनं मोजला, दोनदा. रडारला त्याचं बूड तोंडापासून सुमारे ५० सेंटीमीटर आत दिसतं आणि तेही टोकदार नाही, फासलेलं. माझ्या किरणांच्या हिशेबात समोरून बघता बूड चाळीसवर, सुईसारखं.

संध्याकाळी दिवा पेटला. पाईपची आतली त्रिज्या १.५ सेंटीमीटर, म्हणजे आख्ख्या पाईपची रुंदी एक तरंगलांबी. त्यात ‘किरण’ नावाचं काही उरतच नाही. तो तरंगमार्ग आहे, लहरीला आतून वाहून नेणारी नळी. सर्वांत खालच्या प्रकाराची छेदवारंवारता, म्हणजे जिच्याखाली लहर आत जातच नाही ती, ५.८६ गिगाहर्ट्झ येते, आणि त्यामुळे आतली लहर मोकळ्या हवेपेक्षा मंद चालते. १० गिगाहर्ट्झला वेग प्रकाशाच्या ०.८१ पट: ४० भागिले ०.८१, म्हणजे ४९. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ८ गिगाहर्ट्झला, हेच ५९ होतं. वरच्या टोकाला ४६. एकाच बुडाला प्रत्येक वारंवारता वेगळ्या जागी ठेवते, म्हणून ते फासलेलं. आलेखावर या तिन्ही रेघा मारल्या आणि मोजलेला डाग बरोबर त्यांच्यात बसला.

फार दिवसांनी असा आनंद झाला. वस्तूची लांबी रडारनं चूक सांगितली नव्हती, वस्तूनंच लहरीला उशीर केला होता.

२१ फेब्रुवारी

पाईपसाठी पूर्ण लहरीचा हिशेब, म्हणजे मोमेंट पद्धत. अख्ख्या ठोकळ्याला ती लावायचा विचार कागदावरच मिटला: १० गिगाहर्ट्झला ३ मिलिमीटरचे त्रिकोण, १ चौरस मीटर पृष्ठभागाला जवळपास ३ लाख ८५ हजार अज्ञात संख्या, आणि भरीव मॅट्रिक्सला २.४ टेराबाइट मेमरी. माझ्याकडे ६४ गिगाबाइट. नुसता पाईप, आतून-बाहेरून, १२ गिगाहर्ट्झला धरला तर सुमारे ४२ हजार अज्ञात, २८ गिगाबाइट. बसतो.

मग पाईप तोंडाशी कापून वेगळा सोडवला आणि त्याचं उत्तर किरणांच्या हिशेबात तोंडावर चिकटवलं. जोड ओबडधोबड आहे. पण मापनाच्या डागावर डाग बसतो. वेगवान बहुध्रुव पद्धतीनं अख्खा ठोकळाही सुटेल, पण ती लिहायला जेवढे महिने जातील तेवढे हातात नाहीत.

१० मार्च

ट्रक, टँकर, पिकअप उतरवले. काचा, रबर, ताडपत्री हे सगळं सध्या हवा समजलंय. हे पटत नाही, तरी पुढे जाते.

जमिनीचा प्रश्न मात्र टाळता आला नाही. ट्रकची उभी बाजू आणि रस्ता मिळून मोठा दुहेरी कोपरा होतो, आणि वरून १५ अंशांनी बघताना ट्रकची सर्वांत मोठी चमक हीच. उभ्या ध्रुवणात (लहरीचं विद्युतक्षेत्र उभं धरून) चालवलं तर ही चमक जवळजवळ गेली. पुन्हा चिन्हाची चूक समजून शोधत बसले. चूक नव्हती. जमिनीची पराविद्युतता १० धरली होती, तिचा ब्रूस्टर कोन जमिनीपासून मोजला तर १७.५ अंश येतो. त्याच्या आसपास उभ्या ध्रुवणाची लहर जमीन गिळते, परत देत नाही. आडव्या ध्रुवणाला असं काही होत नाही. यापुढे सगळं आडव्या ध्रुवणात.

२४ मार्च

वर्गीकारक शिकवला. इनपुट: अंतराचा आलेख, १५ अंश वरून, चारही दिशांनी. निम्मे कोन शिकायला, निम्मे परीक्षेला. जवळजवळ सगळे बरोबर. टँकर तर एकदाही चुकला नाही.

एवढं सोपं असायला नको होतं.

२ एप्रिल

जुन्या संशोधनाच्या शिरस्त्याप्रमाणे १७ अंशांवर शिकवून १५ अंशांवर परीक्षा घेतली. एमस्टारवर काम करणारे हेच करतात. दोन अंशांनी काय बिघडणार, असं वाटलं होतं. पिकअप ठीक. टँकर मात्र ऐन बाजूनं आला की कोसळतो. पुढून-मागून ओळखतो, बाजूनं नाही. खरं तर बाजूनं टँकर सर्वांत सोपा असायला हवा: ५ मीटर लांब, १ मीटर त्रिज्येची टाकी बाजूनं ५,२०० चौरस मीटरची चमक देते, म्हणजे एक चौरस मीटरच्या तुलनेत ३७ डेसिबेल, ३७ डीबीएसएम.

माझ्या आकड्यांत १५ अंशांवर ती चमकच नाही. १७ अंशांवर बरीचशी आहे.

३ एप्रिल

झोप लागली नाही म्हणून सरळ तपासलं. टाकी एकटी घेतली, जमीन काढून टाकली, आणि टाकी स्वतःच्याच अक्षाभोवती फिरवली. गोल टाकी. कशीही फिरवा, उत्तर सरळ रेघ यायला हवं.

करवत आली. दर दहा अंशांना एक दात. माथा ४० डीबीएसएम, दरी ८.

आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधून टाकी बाहेर काढताना त्यानं वर्तुळाच्या ३६ बाजू केल्या होत्या, आणि मी ‘डोळ्याला गोल दिसतंय’ म्हणून पुढे गेले. डोळ्याची तरंगलांबी ३ सेंटीमीटर नाही. माझी टाकी म्हणजे १७ सेंटीमीटर रुंद, ५ मीटर लांब अशा ३६ पट्ट्यांचं पिंप. एक पट्टी बरोबर समोर आली की एकटी खऱ्या टाकीपेक्षा ३ डीबी जास्त चमकते. दोन पट्ट्यांच्या मधली धार समोर आली की दोन्ही पट्ट्या पाच अंश वळलेल्या, आणि या रुंदीच्या पट्टीचं पहिलं शून्य ४.९ अंशांवर. १५ अंश म्हणजे नेमकी धार. दुर्दैव मोजूनमापून आलं.

आता चोवीस मार्चचं गुपित कळलं. १५ अंशांवर बाजूनं ट्रक जमिनीच्या कोपऱ्यामुळे झळकतो आणि टँकर बाजूनं काळा पडतो. वर्गीकारकानं सरळ नियम पकडला: बाजूनं चमक नाही, म्हणजे टँकर. खऱ्या टँकरबाबत अगदी उलटं. पृष्ठभागाचे तुकडे पाडून जाळी करताना झालेला कंटाळा त्यानं ओळखला, वाहन नाही.

गोळीच्या मागचा तो खोटा ठसा, दहा जानेवारीचा, हाच प्रकार होता. तेव्हा मी त्याच्याखाली रेघ मारली होती.

७ एप्रिल

१८० बाजूंची टाकी. पट्टीच्या मध्याशी जीवा आणि कंस यांतलं अंतर ३.८ मिलिमीटरवरून ०.१५ वर आलं, लहरीच्या कलेतली (फेजमधली) चूक ९१ अंशांवरून साडेतीनच्या आसपास. टाकी फिरवली, रेघ सरळ. ३७ डीबीएसएम.

जुन्याच वर्गीकारकाला नवी टाकी दाखवली. बाजूनं आली की प्रत्येक वेळी ‘ट्रक’ म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

९ एप्रिल

आता सगळ्याच वक्र पृष्ठभागांवर संशय. हिशेबाची यादी केली: त्रिज्या, बाजू, कलेतली चूक. ट्रकच्या टपाचे गोल कोपरे आणि पिकअपचं बॉनेट दोषी निघाले. चाकं वाचली, कारण रबर मी धरलंच नव्हतं. एक आळस दुसऱ्याला झाकून गेला.

२२ एप्रिल

नव्या जाळ्यांवर पुन्हा शिकवलं, १७ वर शिक्षण, १५ वर परीक्षा. आकडा खाली आला. टँकर आणि ट्रक ऐन बाजूनं एकमेकांत मिसळतात, कारण दोघंही तिथे एकच मोठी चमक देतात आणि तिच्यापुढे बाकी सगळं दबतं. हे खरं असणार. कमी झालेल्या आकड्यावर पहिल्यांदाच विश्वास बसला.

२९ एप्रिल

चमक एकच असली तरी ती कुणाची, हे वेगळं काढता येईल का? पॉटर आणि मोझेस यांचं १९९७चं प्रतिमान यासाठीच आहे: प्रत्येक विकिरणकेंद्राला (वस्तूवरच्या ज्या जागेवरून लहर परत येते तिला) एक घातांक, ताकद वारंवारतेबरोबर कशी चढते ते सांगणारा. सपाट पत्रा आणि कोपरा यांना १, दंडगोलाला अर्धा, गोळ्याला शून्य, टोकाच्या विवर्तनाला उणे १. टँकर अर्धा, ट्रक एक. कागदावर प्रश्न सुटला.

मग हिशेब केला. ९.७५ ते १०.२५ गिगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात शून्य आणि एक या घातांकांतला फरक सगळा मिळून ०.४३ डीबी. अर्धा आणि एक यांत त्याच्याही निम्मा. शेजारच्या केंद्राची गळतीच याहून जास्त. ठोकळ्याच्या ८ ते १२ गिगाहर्ट्झमध्ये हाच फरक ३.५ डीबी होता, म्हणून तिथे घातांक सुरेख निघाले आणि मी भुलले. ५०० मेगाहर्ट्झच्या रडारला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

ध्रुवणाचा मार्ग उघडा आहे. टाकी एका उसळीची, ट्रक-जमीन दोन उसळ्यांची; उभ्या आणि आडव्या ध्रुवणाच्या परतीतली कला दोन उसळ्यांत उलटते. पण १५ अंशांवर उभं ध्रुवण जमीन खाते, दहा मार्चची नोंद. ४० अंश वरून बघितलं तर? ब्रूस्टरच्या पलीकडे गेल्यावर जमिनीचं चिन्हही बदलतं. हे करून बघायचं.

६ मे

एक युक्ती चालली. प्रत्येक वाहनाच्या पाच जाळ्या केल्या, वेगवेगळ्या बारीकपणाच्या, त्रिकोण वेगळीकडून कापलेले, सगळ्यांची कलेतली चूक मर्यादेत. चार शिकायला, पाचवी परीक्षेला, आळीपाळीनं. जाळी बदलल्यानं उत्तर बदललं, तर तो कोन लाल. लाल कोनांत टँकर आता नाही. पिकअपच्या हौद्यातले आहेत, तिथे चार-पाच उसळ्या होतात आणि प्रत्येक उसळीला जाळीची लहानशी चूक वाढत जाते.

२०१९मधला सँपल हा संच चाळला. एमस्टारच्याच दहा वाहनांची मोजलेली आणि संगणकात काढलेली चित्रं जोडीजोडीनं दिलेली आहेत. संगणकावर शिकून मोजलेल्यावर परीक्षा द्यायला तो चांगला. माझी वाहनं त्यात नाहीत, पण माझा कोड काय चुकवतो ते दिसेल.

१२ मे

हौद्याचे लाल कोन: उसळ्या ६ पर्यंत वाढवल्या, किरण एका तरंगलांबीत २० केले. अर्धे लाल गेले. उरलेले हौद्याच्या मागच्या झडपेच्या फटीपाशी जमतात. फट दीड सेंटीमीटर, अर्धी तरंगलांबी. किरणांना ती एक तर पूर्ण उघडी दिसते नाही तर पूर्ण बंद, जाळी कुठे पडली त्यावर. पाईपचीच धाकटी बहीण.

उद्या फट वेगळी कापून मोमेंट पद्धतीला द्यायची. लांबी १.६ मीटर आहे, २८ गिगाबाइटात मावते का ते आधी बघायचं.